निकालपत्रातून बाई कुठं गेली?

एका अभ्यासवर्गात मी म्हणाले, आज आपण एक निकालपत्र वाचू. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकजण उठला न् म्हणाला, "ताई, विषय तर समीक्षेचा ठरला होता. कायद्याचं वकील बघतील की." मी त्याला तिथल्या तिथं जे उत्तर दिलं ते नीट जमलं नाही. म्हणून हा लेख.

आपण कवितेची ओळ न् ओळ सोलून बघतो. पांढरपेशा कादंबरीत आपला माणूस कसा आलाय, नोकर म्हणून आलाय का, दया दाखवायला आलाय का, की आलाच नाही, हे आपण प्रस्थापितांना भर सभेत विचारलं. विचारता विचारता आपली समीक्षा उभी राहिली. पण ज्या गद्यावर गुन्हेगार आत जातो नाहीतर मिशीवर ताव देत गावात परत येतो, ज्या गद्यावर बाईला छप्पर मिळतं नाहीतर रस्ता मिळतो, ते गद्य आपण वाचत नाही. निकालपत्र हेही लेखन आहे. त्याला निवेदक असतो. त्यात पात्रं असतात. कुणाचं बोलणं खरं धरायचं, कुणाचं खोटं, हे तिथं ठरतं. कुणाला नाव द्यायचं न् कुणाला गाळायचं हेही तिथंच ठरतं. मग त्याची समीक्षा आपण का करू नये?

ही वाट मी शोधलेली नाही. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना एक जाहीर पत्र लिहिलं. ते पत्र म्हणजे एका निकालपत्राची समीक्षाच होती. निकाल होता मथुरेच्या खटल्याचा.

ही गोष्ट १९७२ च्या मार्च महिन्यातली. देसाईगंज. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मथुरा ही आदिवासी पोरगी, आईबाप नसलेली, भावासंगं मोलमजुरी करून जगणारी. वय चौदा ते सोळाच्या मधलं. भावाच्या तक्रारीवरून तिला रात्री पोलीस ठाण्यात आणलं. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. बाहेर नातेवाईक उभे, आत दिवे बंद. दोन पोलिसांवर खटला चालला. १९७४ साली सेशन कोर्टानं त्यांना सोडलं आणि पोरीला खोटारडी ठरवलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दोघांना शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं.

आता ते गद्य बघा. तिच्या अंगावर जखम नाही, म्हणजे तिनं प्रतिकार केला नाही. प्रतिकार केला नाही, म्हणजे तिची संमती. घडलं ते शांततेनं घडलं, असा त्या निकालाचा सूर आहे. रात्रीचं पोलीस ठाणं, बंद दार, अंगावर खाकी कपडे असलेले दोन पुरुष, आणि समोर मजुरी करणारी पोरगी. यात शांतता कुणाची? ज्या माणसाला पोलीस ठाण्याची भीती कधी वाटलेली नाही त्याची ही शांतता आहे. आपल्या वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ठाण्यात गेलेला गरीब माणूस ओरडत नाही. त्याचा आवाज पायरीवरच राहतो. चौघांच्या पत्रानं नेमकं हेच विचारलं. तिचं वय, तिची गरिबी, कायद्याचं तिचं अज्ञान, पोलिसाची वर्दी, हे सगळं तुम्ही का धरलं नाही?

त्या पत्रानंतर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवर बलात्कार झाला आणि ती म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते धरून चालायचं. नसल्याचा पुरावा तिच्याकडं मागायचा नाही. म्हणजे वाचणाऱ्यांनी निकालपत्रातलं एक वाक्य पकडलं आणि ते वाक्य पुढं कायद्यातून उपटलं गेलं. मथुरेला स्वतःला त्यातून काही मिळालं नाही. तिच्या खटल्यातले दोघे सुटले ते सुटलेच.

मथुरेच्या निकालानं बाईला खोटं ठरवलं. पुढचा निकाल चांगला आहे, पण त्यातून बाईच गायब आहे. म्हणून तो जास्त लक्ष देऊन वाचला पाहिजे.

राजस्थानात भटेरी नावाचं गाव. तिथली भंवरीदेवी. कुंभार समाजातली. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करायची. १९९२ साली वरून हुकूम आला, बालविवाह थांबवा. गावातल्या गुजर घरात तान्ह्या पोरीचं लग्न ठरलेलं. भंवरीनं ते थांबवायची खटपट केली. कारण ते तिचं काम होतं. गावानं तिच्यावर बहिष्कार घातला. २२ सप्टेंबर १९९२ ला ती नवऱ्यासोबत शेतात असताना पाच जणांनी नवऱ्याला मारलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद.

यावर दोन निकालपत्रं लिहिली गेली. पहिलं १९९५ सालचं, जयपूरच्या कोर्टाचं. आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. त्यामागचा एक तर्क देशभर गाजला. वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला हात लावून विटाळून घेणार नाही, असा तो तर्क. दोस्तांनो, अस्पृश्यतेचा असा उपयोग मनूलाही सुचला नसता. दिवसा पाणवठ्यावर विटाळ मानायचा, आणि तोच विटाळ रात्री आरोपीच्या बचावाला उभा करायचा. वरच्या कोर्टातलं अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं. मधल्या काळात काही आरोपी मरूनही गेले.

दुसरं निकालपत्र १३ ऑगस्ट १९९७ चं, सुप्रीम कोर्टाचं. विशाखा निकाल म्हणून जग त्याला ओळखतं. बायांच्या संघटनांनी अर्ज केला होता. त्यातून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात पहिल्यांदा नियम झाले. प्रत्येक मालकानं तक्रार समिती नेमायची, तिची प्रमुख बाई असावी, निम्म्या सभासद बाया असाव्यात, बाहेरच्या संस्थेचं एक माणूस असावं. आज हजारो बाया ऑफिसात मान वर करून बसतात त्यात या निकालाचा वाटा आहे. ते नाकारायचं कारण नाही.

पण समीक्षक म्हणून वाचा. ज्या बाईमुळं हा निकाल लिहावा लागला तिच्यावर त्यात किती शब्द खर्च झालेत? जेमतेम दोन वाक्यं. पहिल्यात सांगितलंय की अर्जाचं तात्कालिक कारण म्हणजे राजस्थानातल्या एका खेड्यात एका समाजसेविकेवर झालेला कथित सामूहिक बलात्कार. दुसऱ्यात सांगितलंय की त्याचा फौजदारी खटला वेगळा आहे, त्यामुळं आम्ही त्याचा आणखी उल्लेख करायची गरज नाही. झालं. बाई निकालातून बाहेर. गावाचं नाव नाही. जात नाही. मानधन नाही. ती सरकारची कामगार होती आणि सरकारचंच काम केलं म्हणून तिच्यावर ही वेळ आली, हेही नाही. 'समाजसेविका' या गोड शब्दात तिचा पगारही गेला न् तिचा मालकही गेला. सेवा करणारीला कुठं मालक असतो?

वकील म्हणतील, दुसऱ्या कोर्टात चालू असलेल्या खटल्यावर बोलायचं नसतं. कबूल. आरोपी दोषी की निर्दोष ते बोलू नका. पण ती कुंभारीण होती, ती साथिन होती, तिला सरकार मानधन देत होतं, हे सांगायला कुठला खटला आडवा येत होता?

आणखी एक आक्षेप येईल. बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापायचं नाही असा कायदाच आहे, मग नाव गाळलं तर बिघडलं काय? १९८३ च्या दुरुस्तीतच तो नियम आला आणि २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. नियम चांगला आहे. बाईला गावात तोंड दाखवता यावं म्हणून तो आहे. पण नाव झाकणं वेगळं आणि माणूस पुसणं वेगळं. नाव झाकूनही लिहिता येतं, की ही अमक्या जातीची, इतक्या मानधनावरची, सरकारची कामगार. भंवरीदेवी तर स्वतःच्या नावानिशी जगापुढं उभी राहिली. लपायची इच्छा तिची नव्हती.

या गाळलेल्या ओळींचं पुढं काय झालं ते बघा. विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या जागी लैंगिक छळ रोखायचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती. दहापेक्षा कमी असतील तिथं, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायाही या समितीकडं येऊ शकतात. चौकशी चालू असताना तक्रार करणारीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, बदली मागता येते. कायद्याचा हात खाली कामवालीपर्यंत आला, ही मोठी गोष्ट. पण या कायद्यात जात शोधा. स्थानिक समितीवर बाहेरून नेमायच्या सभासदांत एकतरी बाई अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास नाहीतर अल्पसंख्य समाजातली असावी, एवढ्या जागी ती येते. समितीच्या खुर्चीत जात दिसते. तक्रार घेऊन दारात उभी राहिलेल्या बाईच्या अंगावर ती कायद्याला दिसत नाही. साहेबानं हात धरताना जातीवरून जे शब्द वापरले त्याला या कायद्यात वेगळा रकाना नाही. त्यासाठी दुसरा कायदा, दुसरं ठाणं, दुसरी फाइल.

तो दुसरा कायदा म्हणजे आपला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. तिथंही एका शब्दानं बायांना किती दिवस बाहेर ठेवलं ते वाचा. दहा वर्षं किंवा त्यावर शिक्षेचा गुन्हा दलित किंवा आदिवासी माणसाविरुद्ध झाला तर जन्मठेप, असं एक कलम आहे. पण मूळ मजकुरात अट होती, की गुन्हा 'त्या जातीची आहे या कारणावरून' झाला पाहिजे. आता सांगा, बलात्कार करणारा कारण लिहून ठेवतो का? कोर्टं म्हणायची, बलात्कार झाला खरा, पण तो ती बाई होती म्हणून झाला. दलित होती म्हणून झाला याला पुरावा काय? जणू ती सकाळी बाई असते आणि संध्याकाळी दलित. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला आई आणि लेकीसकट चार माणसं मारली गेली. भंडाऱ्याच्या सेशन कोर्टानं २००८ साली खुनाची शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही आणि बायांच्या विनयभंगाचं कलमही टिकलं नाही. त्या निकालपत्रात चार मुडदे होते. जात नव्हती न् बाई नव्हती.

२०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. 'कारणावरून' हा शब्द जाऊन, ती त्या जातीची आहे हे 'माहीत असताना' असा अर्थ आला. गावात कोण कुठल्या जातीचं हे कुणाला माहीत नसतं? एक शब्द बदलला आणि पुराव्याचं ओझं निम्म्यानं कमी झालं. २०२१ साली आंध्रातल्या एका अंध दलित पोरीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं लिहिलं, की जात, बाईपण आणि अपंगत्व हे सगळं एकाच देहावर एकत्र येतं, ते सुटं करून बघता येत नाही. लिहिलं चांगलं. पण खटला दुरुस्तीच्या आधीचा. त्यामुळं जुन्या शब्दानुसार पुरावा कमी पडला, आणि बलात्काराची जन्मठेप कायम ठेवून अत्याचार कायद्याखालची शिक्षा त्याच निकालात रद्द झाली. बघा, एका शब्दाची ताकद किती असते. आणि आपण म्हणतो शब्दांचं वकील बघतील.

इथवर मी कोर्टाला झोडपलं. तुम्ही माना डोलावल्या असतील. आता जरा आपल्या घरात.

फलटणच्या बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आलं. महारवाड्यातल्या सुनांचे हाल त्यांनी जसे लिहिले तसे तोवर कुणी लिहिले नव्हते. पळून गेलेल्या सुनेच्या पायात जड लाकूड अडकवायचं, नाक कापायचं, हे आपल्याच माणसांनी आपल्याच पोरींना केलेलं त्यांनी झाकलं नाही. पण त्या पुस्तकात बेबीताईंचा स्वतःचा संसार शोधा. फारसा सापडत नाही. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर माया पंडित यांनी केलं, ते २००८ साली आलं. त्यातल्या मुलाखतीत बेबीताई बोलल्या. नवरा संशयावरून मारायचा. त्या दुकानात बसायच्या, पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचायच्या, चोरून लिहायच्या, लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. कित्येक वर्षं.

म्हणजे त्यांना लिहायला जागा मिळाली ती कामाच्या ठिकाणी, दुकानाच्या गल्ल्यावर. घरात मिळाली नाही. आणि जे लिहिलं त्यात साऱ्या महारवाड्याच्या सुना आल्या, स्वतःची पाठ आली नाही. सुप्रीम कोर्टानं भंवरीला तिच्या खटल्यातून गाळलं आणि बेबीताईंनी स्वतःला स्वतःच्या पुस्तकातून गाळलं. ही दोन गाळणं सारखी नाहीत. कोर्टाला कुणाची भीती नव्हती. बेबीताईंपुढं नवरा होता, समाज होता, आपल्या माणसांची बदनामी होईल ही काळजी होती. शत्रू टपून बसलेला असताना घरातलं चव्हाट्यावर कसं मांडायचं, हा पेच होता. तो पेच खरा आहे, मी त्याला हसत नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली? पुरुषांच्या आत्मकथनांत मार खाणारी आई पानोपानी आहे. तिच्यावर आपण रडलो. मार खाणारी बायको मात्र फार कमी. कारण तिथं मारणारा हात लेखकाच्याच अंगाला जोडलेला असतो.

शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'त नवरा दुसरी बायको करतो तेव्हा बाई घर सोडून माहेरी येते. पुढं मास्तरीण होते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. बाई घरातल्या मारापुढं उभी राहते तेव्हा तिच्या पाठीमागं काय असतं? माहेरची भाकरी नाहीतर स्वतःची कमाई. कमाई गेली की बाई परत त्याच दारात जाते. घरातली हिंसा आणि बाहेरचं काम हे एकाच दोरीचे दोन पदर आहेत. कायद्यानं ते सुटे केलेत आणि दोन वेगळ्या खुंट्यांना बांधलेत.

२००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, खैरलांजीनंतर महिन्याच्या आत. हा कायदा मार खाणाऱ्या बाईला घरात राहायचा हक्क देतो. पैसे अडवणं हीही हिंसा मानतो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कोर्टाला सांगतो. बुडालेली कमाई नवऱ्याकडून मागता येते. आणि नवऱ्यानं तिच्या कामाच्या जागी पाऊल ठेवू नये असा हुकूमही मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. हे शेवटचं फार कमी जणांना माहीत आहे. फॅक्टरीच्या गेटवर येऊन तमाशा करणारा नवरा, शाळेच्या दारात येऊन मास्तरीण बायकोला शिव्या देणारा नवरा, यांच्यासाठी ते कलम आहे. वस्तीत जाऊन सांगा.

आता हे सगळे कायदे घेऊन ऊसाच्या फडात चला. ऊसतोडीत नवरा न् बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. व्यवहार नवऱ्याशी. नवऱ्याबिगर बाई म्हंजे अर्धा कोयता. कोपीत राहायचं, कोपीत रांधायचं, पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं. एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा.

समजा यातल्या एकीला नवरा मारतो. कामाच्या जागी त्यानं पाऊल ठेवू नये असा हुकूम मिळाला, तर कोयता मोडला. उचल अंगावर राहिली. समजा मुकादमानं तिच्या अंगाला हात लावला. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, फार तर आणखी तीन महिने समिती वाढवून देईल. ती बीडची, फड कोल्हापुरात. फड ज्या जिल्ह्यात तिथल्या समितीकडं जायचं, पण ती समिती कुठल्या कचेरीत बसते हे तिला कोण सांगणार? कारखाना म्हणतो, ही माणसं मुकादमाची, आमची नव्हंत. आणि नवरा म्हणतो, गप बस, उचल फिटायचीय. एका बाईच्या तीन फाइली होतात. घराची एक, कामाची एक, जातीची एक. तिच्याकडं तीन दिवस नाहीत. एका दिवसाचाही खाडा पडतो.

आमच्याकडं एक बाई यायची. ऊसतोडीची नव्हे, चार घरची धुणीभांडी करणारी. नवऱ्याविरुद्ध अर्ज केला होता. पाच-सहा तारखा झाल्या आणि तिनं येणं सोडलं. मी घरी गेले. म्हणाली, "ताई, त्याचा मार महिन्यातनं दोनदा. तारीख पण महिन्यातनं दोनदा. तारखेला गेलं की दोन घरची कामं जातात. मारानं काम जात न्हाई." मी गप्प बसले. तिचा हिशोब बरोबर होता. चूक ज्यांनी कायदा लिहिताना हा हिशोब मांडला नाही त्यांची.

आणि गंमत बघा, हा हिशोब आपल्याच कायद्यात एके ठिकाणी मांडलेला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नियम १९९५ साली झाले. त्यातला नियम ११ काढून वाचा. अत्याचार सोसलेल्या माणसाला आणि साक्षीदाराला तपासासाठी, सुनावणीसाठी जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. जेवणाचा खर्च द्यायचा. बाईला सोबत तिच्या पसंतीचं माणूस आणता येतं, त्याचाही खर्च द्यायचा. आणि जितके दिवस ती घर सोडून राहील तितक्या दिवसांचा भत्ता, शेतमजुराच्या किमान मजुरीपेक्षा कमी नाही इतका. म्हणजे कोर्टाची तारीख म्हणजे बुडालेली मजुरी, हे सरकारच्या कागदावर कबूल झालेलं आहे. ही कबुली कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नाही. तिथं बुडालेली कमाई नवऱ्याकडून मागायची, आणि मालकावर तारखेची पगारी रजा द्यायचं बंधन नाही. फिलिपाइन्ससारख्या गरीब देशानं २००४ सालीच मार खाणाऱ्या कामगार बाईला दहा दिवसांपर्यंत पगारी रजा कायद्यानं दिली.

हे मागणं आपल्याला परकं नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर तिच्या विश्रांतीचा भारही त्यानं उचलावा, हा त्यांचा मुद्दा होता. बाईचं घर आणि बाईचं काम त्यांनी एकाच वाक्यात धरलं. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं त्यामागं हिंदू कोड बिलाची परवड हे एक मोठं कारण होतं. जयंतीच्या मिरवणुकीत आपण हे फलकावर लिहितो. फलक घरी नेऊन भिंतीला टेकवतो. आणि मग त्याच घरात काय होतं ते शेजाऱ्याला ऐकू येतं.

तर काय करायचं? आपल्या जिल्ह्यात स्थानिक समितीवर कोण आहे, संरक्षण अधिकारी कुठं बसतो, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि उत्तर वस्तीच्या फळ्यावर लिहा. बाईसोबत तारखेला जाल तेव्हा नियम ११ चा खर्च मागून घ्या. मागितल्याशिवाय तो मिळत नाही. घरच्या हिंसेच्या खटल्यातही तारखेची मजुरी आणि पगारी रजा मिळावी, ही मागणी मोर्चाच्या निवेदनात घाला. बाई एक असेल तर तिच्या फाइलीही एकत्र चालाव्यात, हे मागा. आणि आपल्या स्वतःच्या संघटनेत, मंडळात, या अंकाच्या संपादनात, एखाद्या पोरीनं तक्रार करायची तर कुणाकडं करायची, हे या महिन्यात ठरवा. कार्यकर्ता बायकोला मारतो हे कळल्यावर "घरचं प्रकरण आहे" म्हणायचं असेल, तर मथुरेच्या निकालातल्या त्या शांततेला नावं ठेवायचा हक्क आपल्याला राहत नाही.

अभ्यासवर्गातल्या त्या पोराला आता माझं उत्तर हे. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकानं एक निकालपत्र आणावं. आधी त्यात बाई शोधावी. मग तिची जात, तिचं काम, तिचा मालक. जिथं गाळलंय तिथं पेन्सिलीनं खूण करावी. आणि मग आपल्या घरच्या बाईला विचारावं, तिची खूण कुठं आहे.

जयभीम.